उरलेली बोटं

हर्षलानं अंगठा आणि तर्जनीत धरलेल्या प्लास्टिकच्या पिकनं गिटारची जाड तार छेडली आणि लगेच मधल्या बोटानं खालची बारीक तार ओढली. ठण्ण! अ‍ॅम्पमधून असा आवाज निघाला की दाराशी पेंगणारं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसलं.

"वहिनी, तार हाय ती, विहिरीचा दोर नाय," कीबोर्डमागून देवेश म्हणाला.

सगळे हसले. हर्षलाही हसली, पण मान वर न करता.

दहिवलीत पार्टीचा मालक संतोष याच्या मंडपाच्या गोदामात हळदीला गाणी वाजवणाऱ्या बँडपार्टीची तालीम चालली होती. लेक रिया व्हायच्या आधी हर्षला या पार्टीत लीड गिटार वाजवायची. ती बाळंतपणात घरी बसली आणि तेवढ्यात हळदीची गाणी पळायला लागली. नव्या गाण्याच्या मधला तुकडा तर नुसत्या पिकनं गाठताच येईना; एका तारेवरून पलीकडच्या तारेवर पिक उडी मारेपर्यंत ढोल पुढे निघून जायचा. मोबाइलवर बघून बघून तिनं वाट शोधली होती. जाड तारा पिकनं, बारीक तारा उरलेल्या बोटांनी. म्हणजे उडी मारायलाच नको.

घरी जमलंही होतं. पण घरी रिया झोपलेली, म्हणून अ‍ॅम्प बंद. आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून ती बोटांनी तारा जोरात ओढत राहिली आणि तोच जोर बोटांत मुरला.

संतोष जवळ आला. "पळसदरीच्या हळदीत हा तुकडा पायजेच गं. नायच जमला तर देवेश घेईल कीबोर्डवर. तू मागनं साथीला कॉर्ड धर."

"मी वाजवीन, दादा."

"वाजव की. नको कोण म्हणतंय? पण ठणठणाट नको."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मागनं कॉर्ड धरायचे म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. एकदा मागे बसलं की तीच आपली जागा होते, आणि कुणी उठवायलाही येत नाही.

भिसेगावला घरी पोचली तर सासूबाई, सोनुबाई, रडक्या रियाला खांद्यावर घेऊन दारातच उभ्या.

"घे बाय तुजी लेक. कवापासून डोळं चोळतेय, पन माज्याकडं झोपंल तर शपथ. जमली का तुजी तुणतुण?"

"नाय जमली, आई."

"मग ऱ्हाऊ दे ना आता. पोरगी मोटी झाली का वाजव परत."

हर्षला रियाला घेऊन आत गेली आणि तिच्याशेजारी आडवी झाली. रियाची झोपायची एक रीत होती. आईच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मुठीत घट्ट धरायची, छातीशी ओढायची, आणि मग उरलेल्या बोटांनी आईनं थोपटायचं. थांबलं की कुरकुर, जोरात लागलं की डोळे टक्क उघडे.

थोपटता थोपटता तो तुकडा हर्षलाच्या डोक्यात घोळायला लागला आणि बोटं पळाली. रियानं डोळे उघडले. हर्षलानं वेग तसाच ठेवला, भार तेवढा काढून घेतला. पापण्या पुन्हा मिटल्या.

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. अंगठा आणि तर्जनी अडकलेली. बाकीची मोकळी.

हात सोडवून घ्यायची घाई तिनं केली नाही. सगळा तुकडा रियाच्या छातीवर वाजवला. मग पुन्हा. अनामिका जड पडली की रिया झोपेतच कपाळाला आठी घालायची. देवेशच्या टोमण्यांपेक्षा ही आठी बरी होती. त्या दिवसापासून दुपारची तालीम तिथंच होऊ लागली.

पळसदरीला मंडपात हळद लावून झाली, तोंडं पिवळी केलेल्या बाया नाचायला उतरल्या. सोनुबाई रियाला घेऊन स्पीकरपासून लांब, मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. नवं गाणं सुरू झालं. तो तुकडा जवळ आला तसा संतोषचा हात साउंड मिक्सरवर, हर्षलाच्या गिटारच्या बटणाशी गेला. आवाज बिघडला की खाली ओढायला तयार.

हर्षलानं तारांकडे बघितलं नाही. पिक चाललं, बोटं चालली. कुठली तार पिकनं छेडली नि कुठली बोटानं, ते ऐकणाऱ्याला कळू नये इतकी सारखी. संतोषनं बटणावरचा हात काढून खिशात घातला.

"वन्स मोअर!" बायांनी गिल्ला केला.

"देवेश, पुढच्याला कॉर्ड तू धर," संतोष म्हणाला.

"धरतो. वहिनी, दोर विहिरीवरच टाकून आलात वाटतं?"

तेवढ्यात सोनुबाई कडेनं वाट काढत आल्या. खांद्यावर रिया, मान टाकून गाढ झोपलेली.

"बघ गं बाय, एवड्या ढणढणाटात झोपली! तुजा तो तुकडा चालला ना, तवाच. मी थोपटलं पन नाय."

रियाची मूठ आजीच्या पाठीवर सैल पडली होती, रिकामी. तिच्यात बोटं द्यायला हर्षलानं उजवा हात पुढे केला. अंगठ्यात आणि तर्जनीत पिक तसंच होतं.

मागून ढोलानं पुढच्या गाण्याचा ठेका धरला.