कमरेत साठलेली लांबी

रविवारी सकाळी दहा वाजता, घोडेस्वारीच्या शाळेच्या रिंगणात, शेदीडशे माणसांच्या देखत तिथे शिकवणाऱ्या बाईंचा डावा पाय बोटभर वाढला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदमामांनी तर हातातली कानस टाकून थेट जमिनीवर बैठक मारली. कठड्याला बांधलेल्या करड्या घोडीने मात्र तोंडातला चारा काही सोडला नाही. खरं तर या प्रकरणाशी तिचा संबंध सगळ्यांत जवळचा. साडेचार महिन्यांपूर्वी बाई तिच्यावरूनच पडल्या होत्या.

ते पडणं साधंसुधं नव्हतं. उडीच्या अडथळ्यापाशी घोडीने झेप घेतली, खोगीर बाजूला फिरलं आणि खोगिरासोबत बाईही फिरल्या. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, कमरेच्या हाडाला तडा गेला. डॉक्टरांनी मांडीत लोखंडी दांडा घातला. बाई पलंगावर उठून बसायला शिकल्या, मग उभं राहायला, मग कुबड्यांवर चालायला, आणि आता एका काठीवर आल्या होत्या. पाय तेवढा बोटभर आखूड राहिला. “बुटाची टाच चढवून घ्या, काही बिघडत नाही,” असं डॉक्टर म्हणाले. पण मोडलेल्या जागी हाड अजून नीट जुळलेलं नाही, तेव्हा एक्स-रे बघून मी सांगेपर्यंत घोड्याचं नावही काढायचं नाही, असंही म्हणाले.

दुसरं वाक्य बाईंना पटलं. पहिलं झोंबलं. जन्मभर त्यांनी पोराटोरांना एकच गोष्ट घोकून घेतली होती, दोन्ही रिकिबींत सारखा भार द्या. आता त्यांच्याच पायाला टाच चढवायची!

तेवढ्यात धाकटी नणंद गावात सांध्यांचं शिबिर घेणाऱ्या सांधेगुरुजींना घेऊन आली.

गुरुजी पांढऱ्याशुभ्र ट्रॅकसूटमध्ये असत. कॉलरला माइक, मागे स्पीकर घेऊन फिरणारा एक शिष्य. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला मुंग्या याव्यात.

“डॉक्टर काय करतात?” गुरुजींनी त्या रविवारी रिंगणात विचारलं. “स्क्रू मारतात! माणूस म्हणजे काय कपाट आहे?”

लोक हसले.

“पाय आखूड होत नसतो, माउली. भीती वाटली की पायातली लांबी वर सरकते आणि कमरेत गोळा होऊन बसते. मी काही वाढवत नाही. मी फक्त तुमचीच लांबी खाली उतरवतो.”

“किती साधं सांगितलं!” नालबंदमामा म्हणाले. त्यांची आखडलेली मान गुरुजींनी आदल्या आठवड्यात सोडवली होती. ती दर पंधरा दिवसांनी अशीही सुटायचीच, पण या वेळी श्रेय घ्यायला माणूस हजर होता.

गुरुजींची अट एकच होती. पडल्या त्या वेळचेच बूट हवेत. “अनवाणी पायात ऊर्जा ठरत नाही. आणि त्या बुटांत पडण्याचा कंप असतो, तो मला वाचावा लागतो.”

इथे घरात पंचाईत झाली होती. डावा पाय सुजलेला म्हणून इस्पितळात तो बूट वरपासून घोट्यापर्यंत कात्रीने उभा कापून काढला होता. मग नणंदेने गुपचूप भावाचे काळे बूट आणले. भावाचं पाऊल बाईंपेक्षा चांगलं लांबरुंद. बाई त्यात पाय घालून खुर्चीवर बसल्या. गुरुजींनी बुटांवर हात ठेवला, डोळे मिटले आणि शहारले.

“आहे... कंप आहे अजून. काय पडलात हो, माउली!”

बाईंचा नवरा मागे उभा होता. ते बूट घालून तो आजवर फक्त बागेला पाणी घालत आला होता. तो खोकला.

बाईंनाही ते खटकलं. पण त्यांनी पाय पुढे केले. गुरुजींनी दोन्ही टाचा तळहातांवर तोलल्या, लोकांना फरक दाखवला, “उतर, उतर, उतर” म्हणत बूट हलवले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डावी टाच उजवीच्या बरोबरीला आली. बाईंनीही पाहिलं.

“पुढच्या रविवारी,” गुरुजींनी जाहीर केलं, “बाई याच घोडीवर बसतील. काठीशिवाय. सगळं जग बघेल!” शिष्याने कॅमेरा जगाकडे, म्हणजे नालबंदमामांकडे वळवला.

घरी आल्यावर काठी सापडेना. ती नणंदेने कपाटावर टाकली होती.

“अगं दे ती इकडे.”

“कशाला वहिनी? पाय बरा झालाय ना आता?” नणंद ओट्याकडे तोंड करून म्हणाली. “तू एकदा बसलीस ना घोडीवर, की मी सुटले. त्या दिवशी खोगिराच्या तंगाचा पट्टा मीच आवळला होता. झोप नाही गं मला.”

बाई भिंत धरून खोलीत गेल्या.

सोमवारी व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस होता. ही बारीक चणीची, करड्या शिस्तीची मुलगी. पेशंट तिला मागून हवालदार म्हणत.

“पाय वाढला म्हणे,” हवालदार म्हणाली.

“शेदीडशे माणसांनी पाहिलाय.”

“माणसं कशाला? टेप आहे ना.” तिने कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली. मग टेपच बाईंच्या हातात दिली. आकडा पूर्वीचाच होता.

“मग मी काय पाहिलं?”

“बूट कुणाचे होते, बाई?”

बाईंनी टेप गुंडाळून ठेवली. “यांचे.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“होतं. पण मला हवं होतं गं ते. तुम्ही सगळे टाच चढवा म्हणता. तो एकटाच म्हणाला, पाय वाढेल.”

हवालदारचा आवाज जरा उतरला. “मला समजतं. पण रविवारी घोडीवर चढलात आणि आतला दांडा वाकला, तर काठीसुद्धा पुरायची नाही. पाय वाचेल का, हेही मी सांगू शकत नाही.” मग तिने बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावलं, दार लोटलं आणि त्याच्यावरच सगळा चमत्कार करून दाखवला. बाई आधी ओशाळल्या आणि मग कमरेचं हाड दुखेपर्यंत हसल्या.

“अहो,” डोळे पुसत त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुमचे बागेतले बूट रविवारी पुन्हा लागतील.”

“घे की.”

“परत नाही मिळायचे. कात्री लावणार आहे.”

रविवारी गर्दी दुप्पट झाली. घोडीवर खोगीर चढलं होतं. बाई काठी टेकत आल्या, तेव्हा गुरुजींच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

“काठी कशाला, माउली?”

“लांबी पुन्हा वर चढली, गुरुजी. बसण्याआधी एकदा उतरवून द्या.” बाई खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही पाय पुढे केले. आज पायात त्यांचे स्वतःचे बूट होते. उजवा घट्ट, पायाला मोज्यासारखा बसलेला. डावा उभा कापलेला, सुतळीने बांधलेला. “हे खरे बूट. मागच्या वेळी तुम्ही यांच्या बुटांतला कंप वाचलात.”

नवऱ्याने हात वर केला. “बागेला पाणी घालतो मी त्यात.”

गर्दीत खसखस पिकली. गुरुजींनी हसून साजरं केलं, टाचा हातात घेतल्या आणि “उतर, उतर” सुरू केलं. कुठलाच बूट हलेना. त्यांनी ओढला. बूट नाही, बाईच खुर्चीतून पुढे सरकल्या.

“श्रद्धा कमी पडतेय,” गुरुजी माइकवर म्हणाले.

“बूट कमी पडतोय,” हवालदार पुढे येत म्हणाली. “नालबंदमामा, तुमचे पाय कसे आहेत?”

“ठणठणीत! घोड्याने लाथ घातली तरी हलत नाहीत.”

“मग बसा.”

मामांच्या पायांत बागेतले बूट चढवले. बुटांची पुढची टोकं कापलेली होती आणि दोन्हीकडून मामांचे जाडजूड अंगठे बाहेर डोकावत होते. पोरं खिदळली. हवालदारने टाचा तळहातांवर घेतल्या.

“बघा हं. मामांचा डावा पाय आखूड.” खरंच डावी टाच मागे दिसत होती. “आता उजव्या अंगठ्याकडे बघा.”

उजवा अंगठा गायब होता. उजवा बूट पायातून जरासा पुढे ओढला होता, त्यामुळे अंगठा आत गेला होता आणि तो पाय लांब दिसत होता. हवालदारने “उतर, उतर” म्हणत बूट हळूच मागे दाबला. कासवाने मान काढावी तसा अंगठा बाहेर आला. दोन्ही टाचा सारख्या झाल्या.

“डावा पाय वाढत नाही,” ती म्हणाली. “उजवा बूट मागे जातो. बाईंचा पाय खरंच आखूड, म्हणून तिथे डावा बूटही पुढे ओढला असणार. एवढंच.”

“पुन्हा!” मुलं ओरडली. मग मामांचा उजवा पाय आखूड झाला, वाढला, डावा झाला, तोही वाढला. मामा स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मग माझी मान?”

तोवर शिष्य स्पीकरची वायर गुंडाळू लागला होता. गुरुजींना दुसरीकडे कार्यक्रम असल्याचं आठवलं. जाताना ते म्हणाले, “या घोडीतच दोष आहे. हिनेच माउलींना पाडलं.”

बाई उठल्या. “हिने पाडलं, हे खरं. कसं ते सांगते.”

त्यांनी नणंदेला बोलावलं. “तंग आवळ.” तिने घोडीच्या पोटाखालचा पट्टा खेचून बसवला. घोडी शहाण्यासारखी उभी होती. बाईंनी मुलांना दोन मिनिटं थांबवलं, मग घोडीच्या पोटाखाली हात घातला. मघाशी गच्च बसलेल्या पट्ट्यात आता अख्खा पंजा शिरत होता.

“पट्टा आवळताना ही पोट फुगवून धरते. नंतर हवा सोडते. म्हणून चढण्याआधी स्वाराने तंग स्वतः दुसऱ्यांदा तपासायचा. पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. त्या दिवशी घाईत मीच तपासला नाही.” त्या नणंदेकडे वळल्या. “तू नीट आवळला होतास. कळलं?”

नणंदेने वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

शाळेत शिकायचं ते एवढंच. कुणी पोट फुगवून समोर उभा राहिला, तर आधी दोन मिनिटं थांबा. मग स्वतः हात घालून बघा. घोडी असो, गुरुजी असो, की डॉक्टर असो. आपल्याला एखादी गोष्ट फार हवी असेल, तेव्हा तर नक्कीच बघा.

गुरुजींचं शिबिर आता शेजारच्या गावात चालू आहे. तिथे ते हात वाढवतात, असं कळतं. नालबंदमामांची मान पुन्हा आखडली आहे. बाईंनी नव्या बुटाला टाच चढवून घेतली. त्या काठी टेकून रिंगणाच्या मधोमध उभ्या राहतात आणि नणंद घोडीवर बसून उड्या शिकते, तंग दोनदा तपासून.

परवा हाडाचा नवा एक्स-रे काढला. मोडलेल्या जागी एक पुसट रेघ दिसते. ती जुळत आलेल्या हाडाची आहे की न जुळलेल्या, ते डॉक्टरांना अजून सांगता आलेलं नाही.