कमानीवरचा ऑइलपेंट

माझं रंगाचं दुकान आहे, त्यामुळे कळकट भिंत दिसली की माझे हात शिवशिवतात. स्टेशनची जुनी दगडी इमारत पाडायची ठरली, तेव्हापासून आमच्या सासऱ्यांना घास गोड लागत नव्हता. तिथेच स्टेशनमास्तर होते ना! त्यांनी पत्रांवर पत्रं लिहून पुरातत्त्वाच्या बाईंना पाहणीला बोलावलं. बाईंनी हो म्हटलं तरच इमारत वाचणार होती.

"आहे तशीच दाखवायची," सासऱ्यांनी मला बजावलं.

"पाहुणे यायचे आणि घर पारोसं?" मी म्हणाले. ते बहिणीकडे गेले आणि मी डाव साधला. स्वतः शिडीवर चढले. कमानींना बदामी, खांबांना निळा, दुकानातला सगळ्यात भारी ऑइलपेंट. दगडांवर कसल्या कसल्या रेघा होत्या, त्या पुट्टी भरून गुळगुळीत केल्या. गावाने कौतुक केलं, मी हवेत.

आज सकाळी सगळं गाव फलाटावर जमलं होतं, आणि सासरे बाईंना घेऊनच गाडीतून उतरले. कमान दिसली आणि ते जागीच थबकले.

बाईंनी दगडावरून हात फिरवला. "पाथरवटांच्या खुणा कुठे आहेत? प्रत्येकाने आपापल्या दगडावर कोरलेल्या, मासा, बाण, चंद्रकोर? मी त्यांच्यासाठीच आले."

जेवताना सासरे रोज या खुणांचंच सांगायचे, आणि मी फक्त हं हं करायचे.

"खरवडून काढू की," मी पुटपुटले.

"दगड मऊ आहे. रंगाबरोबर खुणाही जातील. कुणाचं हे डोकं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझंच," सासरे म्हणाले. "म्हातारपणी हौस आली."

"मास्तर, तुम्ही?" बाई म्हणाल्या. ज्या माणसाने त्या भिंतीत कधी खिळा ठोकू दिला नाही, तो सगळ्या गावासमोर मान खाली घालून उभा राहिला. मला ते बघवेना.

"त्यांना माहीतसुद्धा नव्हतं," मी म्हणाले. "मी केलंय."

"आता कुणीही केलेलं असो," बाई म्हणाल्या. "वाचवा म्हणून सांगायला माझ्याकडे काही उरलं नाही." आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला निघून गेल्या.

सासरे माझ्याजवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कशाला बोललीस?" ते हळूच म्हणाले. "माझं काय, मी आज आहे उद्या नाही. तुला याच गावात दुकान चालवायचंय."