खेकड्याच्या भाताची सुई

“हा खिसा आहे का पोटुशी म्हैस?” असं म्हणून मेई-शिआने नवऱ्याच्या नव्या कोटात हात घातला आणि आतल्या साखरेच्या गोळ्या मूठभर काढून पलंगावर ठेवल्या. मग दुसऱ्या खिशाकडे वळली.

चुआंग आ-थू हात वर करून उभा होता, पोलिसांनी झडती घ्यावी तसा. एक तरी राहू दे, असं त्याचं म्हणणं होतं. मेई-शिआचं म्हणणं असं, की साखर उतरते ती घटकाभर, फोटो मात्र भिंतीवर जन्मभर राहतो. आज मुलीचा साखरपुडा, चांगह्वाहून व्याही मंडळी येणार, आणि मुलीचा बाप खिशात बटाटे भरल्यासारखा उभा राहणार, हे तिला पाहवणार नव्हतं. तिने त्याचा फोनही बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला. आ-थूच्या दंडावर मुलीने बटणाएवढं एक यंत्र चिकटवून दिलं होतं. साखर घसरली की त्या यंत्राच्या सांगण्यावरून फोन बदकासारखा ओरडायचा. व्याह्यांसमोर बदक नको होतं.

आ-थू तळ्यांवरची पाणचाकं दुरुस्त करायचा. त्या किनाऱ्यावर जमिनीपेक्षा मत्स्यतळीच जास्त. माशांना हवा मिळावी म्हणून तळ्यात चाकं रात्रंदिवस फिरत असतात, आणि एखादं बंद पडलं की मासे वर येऊन तोंडं उघडतात आणि तळ्याचा मालक आ-थूच्या दारात येऊन तोंड उघडतो. हा धंदा तो तरुणपणापासून करत आला. त्याच्याही आधीपासून, म्हणजे शाळेत असल्यापासून, तो इन्सुलिन टोचून घेत होता. या पोराचं शरीर स्वतःचं इन्सुलिन तयार करत नाही, ते बाहेरूनच द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याच्या आईने विचारलं होतं, “किती दिवस?” डॉक्टर म्हणाले, “जेवेल तितके दिवस.” आईला रडू आलं. आ-थूला मात्र हिशेब पटला. जेवायचं असेल तर टोचायचं, आणि टोचलं की जेवायचं. दोन्हीपैकी एकच केलं की चाक बंद.

पुढे त्याला अन्नाकडे बघण्याची नजरच आली. भाताचा वाडगा दिसला की इतरांना भूक लागते, आ-थूला आकडा सुचायचा. पेरू आणि कलिंगड यांतला फरक तो असा सांगायचा, जसा एखाद्याने भल्या माणसातला आणि गोडबोल्यातला फरक सांगावा. त्याचं सगळं नीट चाललं होतं. खोड एकच होती आणि ती साऱ्या गावाला ठाऊक होती. साखर फार उतरली की इतर रुग्णांचे हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आ-थूला हे सगळं व्हायचंच, शिवाय तो खरं बोलायचा. एकदा देवळाच्या सभेत, दुपारचं जेवण लांबलं असताना, त्याने उठून अध्यक्षांना विचारलं होतं की देवाला जर मनातलंही ऐकू येतं, तर एवढा मोठा ध्वनिक्षेपक तुमच्याच मेव्हण्याच्या दुकानातून कशाला आणला? अर्धा पेला सरबत पोटात गेल्यावर त्याने कान धरून माफी मागितली. पण सरबताने साखर परत येते, शब्द येत नाहीत.

म्हणून मुलीचं, पेई-जूचं, लग्न ठरताच मेई-शिआने फर्मान काढलं होतं. दुखणं रक्तातून येतं असं लोक म्हणतात. व्याह्यांच्या मनात नसती शंका नको. चहा पिऊन होईपर्यंत, अंगठ्या घालून होईपर्यंत, पंगत उठेपर्यंत कुणी अक्षर काढायचं नाही. गावाने शपथ घेतली आणि गावाच्या पद्धतीने पाळली. म्हणजे चांगह्वाची मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा बसथांब्यावरच्या सुपारीवालीने, न्हाव्याने आणि देवळातल्या पुजाऱ्याने, कुणी काही विचारलेलं नसताना, आ-थूची तब्येत अगदी ठणठणीत आहे असं त्यांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी सांगितलं.

सकाळ निर्विघ्न पार पडली. पेई-जूने लाल झग्यात, खाली मान घालून, सासरच्यांना एकेक पेला गोड चहा दिला. मुलाच्या, को-वेईच्या, आजीने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि रिकाम्या पेल्यात आहेराचं लाल पाकीट ठेवलं. अंगठ्या झाल्या. आता उरली होती ती मुलीकडची पंगत.

आणि पंगतीबद्दल आ-थूने मनाशी एक गोष्ट धरली होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. इतक्या वर्षांत त्याने गावातल्या एकाही पंगतीत पोटभर भात खाल्ला नव्हता. कारण पंगतीचं अन्न वेळेवर येत नाही, आणि सुईला वाट पाहता येत नाही. आधी टोचून बसावं तर ताट येत नाही. ताट आल्यावर टोचावं तर साखर घोड्यावर बसून वर निघून गेलेली असते. तो आपला दोन घास खायचा आणि बाकीचं पिशवीत भरून घरी न्यायचा. लोकांना वाटायचं, आ-थू बायकोवर फार प्रेम करतो. पण आज मुलीची पंगत होती. आज तो चिकट भात, वर लाल खेकडा ठेवून वाफवलेला, काठोकाठ वाडगाभर, सगळ्यांबरोबर बसून गरम गरम खाणार होता.

त्यासाठी त्याने आचारी हाय-शानशी संधान बांधलं. हाय-शान त्याचा शाळासोबती, भर रस्त्यात मांडव घालून शंभर टेबलं उठवणारा गडी. ठरलं असं: भाताची परात चुलीवरून उतरली की हाय-शान फटाक्यांची माळ लावायला सांगेल. फटाके वाजले की पंगत सुरू, हा तर रिवाजच. फटाके ऐकले की आ-थूने टोचून घ्यायचं.

“माळ वाजली की तू टोच,” हाय-शान म्हणाला. “तू शर्ट खाली करेपर्यंत भात तुझ्या नाकाखाली. नाही आला तर नाव बदल माझं.”

बारा वाजून गेले. मांडव भरला. आ-थू पाणचाकांच्या खोपटात, जुन्या मोटारींच्या आड, इन्सुलिनचं पेन हातात धरून उभा राहिला. माळ कडाडली. त्याने शर्ट वर केला, मोठ्या मनाने आकडा लावला, वाडगाभर भाताचा, आणि टोचून घेतलं. शर्ट खोचून, केस बसवून, तो नवरदेवासारखा मांडवात आला.

टेबलावर फक्त फोडून खायच्या कलिंगडाच्या बिया होत्या.

माळ हाय-शानने लावली नव्हती. ती लावली होती जिल्हा सभेचे सदस्य लाय साहेब यांच्या माणसांनी, साहेब मोटारीतून उतरले म्हणून. साहेब त्या भागातली एकही पंगत चुकवत नसत. आणि साहेब बोलून झाल्याशिवाय ताटं काढायची नाहीत, हाही रिवाजच. दूर चुलीपाशी हाय-शान हातातला झारा घेऊन आ-थूकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर नाव बदलायची तयारी दिसत होती.

आ-थू सरबताच्या बाटलीकडे हात नेणार, तोच निवेदकाने दोन्हीकडच्या आईवडलांना मंचावर बोलावलं. पेई-जू दुसरा झगा घालायला घरात गेली होती. मंचावर एका ओळीत उभे राहिले आ-थू, मेई-शिआ, को-वेईचे वडील, त्याची आई, आणि पुढे साहेब, माईक घेऊन.

साहेबांनी आधी वर्गणीदारांचे आभार मानले, मग ते कुणाच्या पंगतीला आलेत ते आठवून वधूवरांना शुभेच्छा दिल्या. मग ते समुद्राच्या बंधाऱ्यावर आले. बंधारा लांब होता. आ-थूच्या ओठांना मुंग्या आल्या. साहेब बंधाऱ्यावरून बंदराकडे गेले. आ-थूच्या पाठीवर घामाची धार लागली. शेजारी तीन मजली केक होता. त्याने हळूच मागे हात नेऊन त्याचा कोपरा तोडला आणि तोंडात टाकला. थर्माकोल होता. भाड्याने आणलेला.

मेई-शिआने थर्माकोल चावण्याचा आवाज ऐकला, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि तिला पलंगावरच्या गोळ्या आठवल्या. “थोडं धरा,” ती ओठ न हलवता म्हणाली, “आणतेच मी.” पण तोवर आ-थू पुढे सरकला होता. त्याने साहेबांच्या हातातला माईक, लहान मुलाच्या हातातला चाकू काढून घ्यावा तितक्या हलक्या हाताने, काढून घेतला.

“साहेब,” तो म्हणाला, “हा बंधारा तुम्ही हाय-शानच्या पोरीच्या लग्नातही बांधला होता. त्या पोरीला आता दोन पोरं आहेत.”

मांडवात बिया फोडण्याचा आवाज थांबला.

“तुम्ही चांगले आहात. पण तुम्ही बोलायला लागलात की मासे वर येतात. मी भातासाठी सुई घेतलीय. वाडगाभर भाताची. सुई पोटात गेली आणि भात आला नाही. चाळीस वर्षं मी टोचतोय, हे ह्या लोकांना सांगायचं नव्हतं. बायकोने बजावलंय.” मग व्याह्यांकडे वळून तो अदबीने म्हणाला, “तुम्ही ऐकलं नाही असं समजा.”

मेई-शिआने डोळे मिटून घेतले. गाव खाली बघू लागलं. इतके महिने जिवापाड जपलेलं गुपित शंभर टेबलांवर कर्ण्यातून सांगून झालं होतं.

तेव्हा पहिल्या टेबलावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. चांगह्वाच्या मंडळींनी, आजीपासून आत्यापर्यंत, सगळ्यांनी एकदमच आपापल्या खिशात हात घातले. मंचावर को-वेईच्या टकल्या वडलांनीही घातला. आणि प्रत्येकाच्या हातात एकेक साखरेची गोळी आली. आजी सगळ्यांच्या आधी मंचावर पोचली. वेष्टन तिने दातांनीच काढलं.

“तोंड उघडा, व्याहीबुवा.”

आ-थूने उघडलं. तिने एक घातली, मग सुनेच्या हातची दुसरी, मग सरबताचा पेला त्याच्या ओठांना लावला आणि तो संपेपर्यंत धरून ठेवला. मांडवात कुणीतरी टाळी वाजवली. मग इतक्या टाळ्या पडल्या, की साहेबांना त्या आपल्याच वाटल्या. ते हात हलवत खाली उतरले आणि पुढच्या गावच्या पंगतीला गेले.

हळूहळू, खाली आणून खुर्चीवर बसवलेल्या आ-थूच्या डोळ्यांतलं धुकं गेलं आणि त्याची जागा लाजेने घेतली. तो माफी मागायला उठला. आजीने त्याला खांदा दाबून खाली बसवलं.

पेई-जूने चांगह्वाला, त्यांच्या घरी झालेल्या पहिल्याच भेटीत, चहाच्या आधी, सगळं सांगून टाकलं होतं. बाबांना सांगू नका तुम्हाला माहीत आहे म्हणून, त्यांना वाईट वाटेल, असं म्हणून तिने घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक गोळी ठेवली होती. तेव्हापासून अख्खं घराणं खिशात गोळी आणि चेहऱ्यावर अज्ञान घेऊन हिंडत होतं.

“तुमचा तो न्हावी तब्येतीचं सांगत होता तेव्हा हसू दाबताना माझी कवळी निघाली असती,” आजी म्हणाली. “आणि एक सांगते, ही माझी तिसरी गोळी. आधीच्या दोन मीच खाल्ल्या.”

मेई-शिआ रडवेल्या आवाजात रक्ताचं काहीतरी पुटपुटली. आजीने मंचावरून उतरणाऱ्या आपल्या लेकाच्या डोक्याकडे बोट केलं. “आमच्या रक्तातून हे येतं. ते लपवता आलं नाही, एवढंच.”

आणि मग खरी माळ वाजली. हाय-शानने ती स्वतः लावली, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात परात होती. भात सगळ्यांत आधी आ-थूच्या टेबलावर आला. त्यातला खेकडा चिडल्यासारखा लाल होता. पेई-जू नवा झगा सावरत धावत आली. तिला बाहेरचं काहीच ठाऊक नव्हतं. पण आजीच्या हातातलं वेष्टन पाहून तिने विचारलं नाही. बापाच्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्या वाडग्यात भात दाबून भरला. आ-थूने एक घास घेतला आणि बराच वेळ बोलला नाही. माणूस साखर जागेवर असतानाही खरं बोलतो, फक्त तेव्हा तो गप्प बसून बोलतो.

शेवटचा गोड पदार्थ यायच्या आधी चांगह्वाची मंडळी उठली. साखरपुड्याच्या पंगतीतून मुलाकडच्यांनी असं मधेच उठायचं, आणि निरोप घ्यायचा नाही. ‘येतो’ म्हणायचं नाही, ‘पुन्हा या’ म्हणायचं नाही. असले प्रसंग पुन्हा यायचे नसतात. आ-थू मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. ते एकेक करून त्याच्या समोरून गेले, मान हलवत, एक शब्द न बोलता. आणि जाताना प्रत्येकाचा हात त्याच्या कोटाच्या खिशाकडे गेला. आत्याचा गेला, टकल्या व्याह्यांचा गेला, को-वेईचा गेला. आजी शेवटी आली. तिच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून तिने नुसताच खिसा थापटला.

मोटारी गेल्या. फोटोवाला उरला होता. आईवडील आणि मुलगी, एवढाच एक फोटो राहिला होता, महिन्याभराने ती सासरी जायची होती. त्याने कॅमेरा वर केला आणि खाली घेतला. तुमचा तो खिसा, तो आ-थूला म्हणाला, जरा फुगलेला दिसतोय.

मेई-शिआने खिशाकडे पाहिलं. आ-थूने सवयीने हात वर केले. तिने पुढे होऊन खिशाची झाप गोळ्यांवरून नीट ओढून बसवली आणि पुन्हा त्याच्या शेजारी उभी राहिली.

“काढ,” ती फोटोवाल्याला म्हणाली.