ही कोण गो?

मी उर्वशीबाईंची चित्रवही. माझ्यातून लहान मुलांसाठी एक पुस्तक होणार होतं. ते का झालं नाही, तेवढं सांगते.

२००२ साली सावंतवाडीच्या एका दुकानातून बाईंनी मला आणलं. त्या शिरोड्याच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. पुस्तक कुणावर करायचं, ते त्यांना मासळीबाजारात सापडलं.

तिथे हौसाबाई मासे विकायला बसायची. वय पंच्याहत्तर, तोंडात एकच दात, लुगड्यावर मेलेल्या नवऱ्याचा खाकी शर्ट. गिऱ्हाइकांना ती माशांच्या नावानं हाका मारायची. उंच हेडमास्तर म्हणजे वाम, गोलमटोल वाणीण म्हणजे पापलेट, आणि आमच्या किडकिडीत बाई म्हणजे मुडदुशी. सकाळी वाळूत उभी राहून ती समुद्राला शिव्या घालायची. मोठी माणसं तिला वेडी म्हणत. मुलं मात्र आपल्याला कुठला मासा मिळतो, हे बघायला तिच्यापुढे रांग लावत.

बाई दर रविवारी तिच्या शेजारी बसून चित्रं काढत.

"मुडदुशे, सुंदर नको हां काढू," हौसाबाई बजावायची. "माका माझ्यासारखी काढ."

दोन वर्षांत चोवीस चित्रं झाली. वर्गातली पोरं ती बघून पोट धरून हसली. हौसाबाईनं तर सगळ्या बाजाराला सांगितलं, "मी पुस्तकात जातंय!"

मग मी पार्सलनं पुण्याला एका प्रकाशकाकडे गेले आणि तीन महिन्यांनी चिठ्ठीसकट परत आले. 'चित्रे उत्तम. परंतु आजी मायाळू हवी. शर्ट, शिव्या व तो दात टाळावा. तसे केल्यास पुस्तक नक्की काढू.'

बाईंनी आठवडाभर ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. मग त्यांनी माझी ती चोवीस पानं फाडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. मला दुखलं, पण त्या रडत होत्या. उरलेल्या पानांवर नवी आजी आली. पांढरेशुभ्र केस, गोल चष्मा, हातात लाडू.

मी पुन्हा पुण्याला जाऊन प्रकाशकाचा होकार घेऊन आले. त्या आनंदात बाई मला घेऊन हौसाबाईच्या घरी गेल्या. ती अंथरुणाला खिळली होती. तिनं पहिलं पान उघडलं.

"ही कोण गो? बरी म्हातारी आसा." दोन-तीन पानं उलटून तिनं विचारलं, "आणि मी खंय आसंय?"

"पुढे आहेस," बाई म्हणाल्या.

हौसाबाई शेवटच्या पानापर्यंत स्वतःला शोधत गेली. मग मला मिटून म्हणाली, "रवांदे." म्हणजे राहू दे.

चार दिवसांनी ती गेली.

बाईंनी पुस्तक थांबवलं आणि सुट्या कागदांवर तिला पुन्हा काढायला बसल्या. तिचा एक फोटोही कुणाकडे नव्हता. पेन्सिल टेकवली की तीच लाडूवाली हसायची. हाताला तीच वळणं पडली होती. वर्षभर धडपडून त्यांनी ब्रश ठेवून दिले. आता त्या वर्गात दोन डोंगर आणि मधला सूर्य काढायला देतात.

आज २०१० साल आहे. मी शाळेच्या कपाटावर पडून आहे, माझे कोपरे कसर खातेय. तुमच्या गावात अशी कुणी म्हातारी असेल, तर ती आहे तशीच काढा, आणि आजच काढा. मला मात्र उघडू नका. आत हसते आहे ती हौसाबाई नाही.