तेजलच्या कोपरावरची भुरी

मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, काळी मूठ आणि काचेच्या कडेला उडालेला एक टवका, एवढीच माझी ओळख. तो टवका ट्रॅक्टरच्या पायरीवरून पडल्यामुळे आहे, म्हातारपणामुळे नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, माझा स्वभाव भारी चौकस. समोर आलेली वस्तू जवळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लांबचे मात्र मला धड दिसत नाही, त्यामुळे लांबच्या गोष्टी मी ऐकूनच भागवते.

दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझी काच घासून घासून घडवली गेली. तेथून खोक्यात बसून मी नाशिकला आले. रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून जयरामने मला विकत घेतले. जयराम दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार. त्याने नुकतीच बाग लावली होती आणि पानावर एवढासा ठिपका दिसला तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. त्याने मला दोरीने गळ्यात अडकवले आणि आमची जोडी जमली.

पानाची मागची बाजू ही माझी खास जागा. तिथले फुलकिडे, लाल कोळी, त्यांची अंडी, सगळे मी मोठे करून दाखवले. भुरीशी तर माझी जुनी ओळख. पानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला की समजावे, भुरी आली. ती वाऱ्यावर बसून या पानावरून त्या पानावर जाते. शेजारचे लोक पाने घेऊन येत आणि म्हणत, "जयराम, जरा भिंग लाव रे." मी काचेतल्या काचेत फुगून जात असे. पुढे मोबाइल आले, फोटो काढून सल्लागाराला पाठवायची सोय झाली आणि माझी रवानगी फवारणीच्या पंपाशेजारच्या खिळ्यावर झाली. वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

एका थंडीत जयरामने मला पुन्हा खिळ्यावरून काढले. या वेळी माझ्यासमोर पान नव्हते. त्याच्या मुलीचे, तेजलचे, कोपर होते.

तेजल नववीत शिकत होती आणि शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळत होती. तिच्या दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाडसर, लालसर तपकिरी चट्टे उठले होते. त्यांवर चंदेरी पांढरे पापुद्रे साचले होते. मी ते कुतूहलाने मोठे करून दाखवले. काय असेल बरे हे? थर पांढरा होता, पण भुरीसारखा मऊ नव्हता. एकावर एक कपच्या रचल्यासारखा होता. पण मी फक्त दाखवते, ठरवतो तो माणूस. जयरामने एकदाच पाहिले आणि म्हणाला, "भुरी हाय ही. दुसरं काय नाय."

बागायतदाराचे डोळे ते! त्याने बागेतल्या भुरीवर मारायला आणलेले गंधक खोबरेल तेलात कालवले आणि तेजलच्या चट्ट्यांना लावायला दिले. तिचा टॉवेल वेगळा झाला, अंथरूण वेगळे झाले. एवढ्यावर तो थांबला नाही. प्रामाणिक माणूस, दुसऱ्याच्या पोरींना त्रास नको म्हणून शाळेत गेला आणि कबड्डी शिकवणाऱ्या शेखर सरांना म्हणाला, "सर, तेजूला संघातून काढा. लागट हाय ते. एका पानापायी सगळी बाग जाती."

कबड्डीत एकमेकींचे हात धरून साखळी करावी लागते. हात धरायचाच नाही तर खेळायचे कसे? सरांनी तिला बाहेर बसवले. बातमी वर्गात पोचली आणि तिच्या बाकावर तिच्याशेजारी कोणी बसेना. तेजल घरी आली, दप्तर टाकले आणि जयरामसमोर उभी राहिली.

"पप्पा, रोगट पान तुम्ही तोडून टाकता ना? मलापण तोडलं का?"

मी जयरामच्या छातीवर लोंबकळत होते. त्याचे काळीज कसे धडधडत होते ते मला चांगले जाणवले. पण आपले चुकले असे त्याला अजून वाटत नव्हते.

गंधकाने व्हायचे तेच झाले. कातडी भाजल्यासारखी झाली, तेजलने खाजवून खाजवून ओरखडे काढले आणि काही दिवसांनी त्या ओरखड्यांच्या रेषेतच नवे चट्टे उठले. तेव्हा तिची आई सुमनबाई पदर खोचून उभी राहिली.

"पानाला डाग पडला तर गाडी पाठवून सल्लागार आणता, आन पोरीला औषध खताच्या दुकानातलं? लय झालं तुमचं. उद्या नाशिकला चला."

अशी मी पुन्हा नाशिकला गेले, तीही त्वचारोगाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर मॅडमकडे दिव्याचे भिंग होते. स्वतःच्या उजेडात स्वतःच पाहणारे! माझा थोडा जळफळाट झाला, पण त्याहून कुतूहल जास्त. मॅडमनी तेजलची कोपरे पाहिली, केसांत पाहिले, नखे निरखली, सांधे दुखतात का ते विचारले. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ते माझ्या नजरेतून सुटलेच होते, कारण मला तिथे कोणी नेलेच नव्हते.

"हा सोरायसिस आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंजी भुरीच ना?" जयरामने मला पुढे केले.

मॅडम हसल्या नाहीत. "दादा, भुरी शेजारच्या पानावर जाते ना? हिला हे होऊन तीन-चार महिने झाले. आधी ही कोणाजवळ झोपायची?"

"माझ्याजवळ," सुमनबाई म्हणाली.

"तुम्हाला झालं?"

सुमनबाईने नकारार्थी मान हलवली.

मग मॅडमनी समजावले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच घाईला येते. कातडी नवी व्हायला एरवी महिनाभर लागतो, इथे ती काही दिवसांतच होते. जुनी गळायच्या आत नवी येते आणि पापुद्रे साचतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

"मंजी वेलाची जुनी काडी पिकायच्या आत नवी फूट," जयराम हळूच म्हणाला. मॅडमनी मान डोलावली.

तेजलला मात्र आता प्रश्नांवर प्रश्न सुचू लागले. सगळ्यांना असेच होते का? मॅडम म्हणाल्या, नाही. तिच्यासारखे जाड चट्टे सर्वांत जास्त आढळतात. काही मुलांना घसा बिघडल्यानंतर अंगभर पावसाच्या थेंबांएवढे ठिपके उठतात. काखेत, जांघेत होतो तो गुळगुळीत असतो, त्याला पापुद्रा जवळजवळ नसतोच. त्याला लोक घामोळे समजून बसतात. कोणाला पुवाचे फोड येतात. क्वचित सगळे अंगच लाल होऊन सोलते, थंडी वाजते. असे झाले तर थेट रुग्णालय गाठायचे.

"मग जाईल का हे?" तेजलने विचारले.

"आटोक्यात राहील. पुन्हा डोकं वर काढेल, पुन्हा दाबू." त्यांनी मलम दिले, आंघोळीनंतर लगेच लावायचे मऊ क्रीम दिले. "यानं भागलं नाही तर ठरावीक किरणांचा शेक देता येतो. त्याच्याही पुढे गोळ्या, इंजेक्शनं आहेत, पण ती रक्त तपासून आणि माझ्या नजरेखाली. मलम मनानं वाढवायचं नाही, मनानं एकदम बंदही करायचं नाही. आणि दादा, गंधक बागेतच ठेवा."

"आन कबड्डी?" तेजल म्हणाली.

"खेळ. गुडघ्याला पट्टा बांध. तुझ्या कातडीला खरचटलं की तिथं नवा चट्टा उठू शकतो."

दुसऱ्या दिवशी जयराम शाळेत गेला. या वेळी तो सरांच्या खोलीत न जाता मैदानावर, सगळ्या मुलींपुढे उभा राहिला. "पोरींनो, म्या चुकीचं सांगितलं व्हतं. लागट नाय ते. माझ्या पोरीचा हात धरा." शेखर सरांनी तेजलला पुन्हा संघात घेतले. हात लगेच पुढे आले असे नाही. काही आले, काहींना वेळ लागला.

पाऊस सरताना तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. तेजलचे चट्टे पातळ झाले होते, पण गेले नव्हते. तरी ती अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत उतरली. जयरामच्या गळ्यातून मला मैदान धूसर दिसत होते, म्हणून मी कान लावले आणि बाकीचे नंतर तेजलच्या तोंडून ऐकले. समोरची चढाईवाली कबड्डी कबड्डी करत आली. तिचे लक्ष तेजलच्या कोपराकडे गेले आणि ती क्षणभर बिचकून मागे सरली. तेवढ्यात तेजलने तिचा घोटा पकडला! साखळी तिच्यावर कोसळली आणि गर्दी ओरडली.

जयरामशेजारचा एक गृहस्थ कुजबुजला, "त्या पोरीला काहीतरी लागट दिसतंय बुवा."

"सोरायसिस हाय," जयराम खणखणीत म्हणाला. "लागत नाय. माझी पोर हाय ती."

खेळ संपल्यावर तेजल धुळीने माखून आली. पट्टा सरकून गुडघा खरचटला होता. जयराम सगळ्यांदेखत खाली बसला. त्याने गुडघा पाण्याने धुतला, खिशातून क्रीम काढले आणि जखम सोडून आजूबाजूच्या चट्ट्यांना आपल्या बोटांनी हळूहळू चोळून लावले. तेजल त्याच्या खांद्यावर हात टेकून उभी होती. तिने तो हात काढला नाही.

मग त्याच बोटांनी त्याने मला उचलून तिचे कोपर पाहिले. माझ्या काचेवर त्याच्या बोटाचा तेलकट ठसा उमटला, तो अजून कोणी पुसलेला नाही. मित्रांनो, भिंग वापरल्यावर मऊ कापडाने पुसावे, एवढे माझ्यासाठी करा. आणि कोणाच्या अंगावर चट्टे दिसले तर नाव ठेवण्याआधी जाणत्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्याच्याशेजारचा बाक रिकामा ठेवू नका. माझ्या ठशाचे म्हणाल, तर राहू द्या. त्याच्यातून तेजल थोडी अंधूक दिसते, पण तिचा बाप तिच्या अगदी जवळ दिसतो.