टिंबाच्या पुढचं

एका सोमवारी दादांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या वेबसाइटवर मासे पोहायला लागले. काचेच्या टाकीत, नारिंगी, शेपट्या हलवत. समोरचा शिंपी फोन हातात धरून रस्ता ओलांडून आला आणि ही नवी हौस कधीपासून, अशी त्यानं आस्थेनं चौकशी केली.

झालं होतं ते साधंच. वेबसाइटचं नाव भाड्यानं घेतल्यासारखं असतं, मुदत संपली की सुटतं. दुकानाचं डॉट कॉमवालं नाव दादांच्या धाकट्या भावानं घेतलेलं, आणि परदेशी जाताना तो पाच वर्षांचं एकदम भरून गेला होता. आता ते कुणा मासेटाकीवाल्यानं उचललं. त्याला ते का आवडलं, हे त्याला आणि त्याच्या माशांनाच ठाऊक. पण धाकटा जाऊन पाच वर्षं झाली, हे दादांना त्या माशांनी सांगितलं.

दादा हे काही दुकानदाराचं नाव नव्हे. धाकटा त्यांना दादा म्हणायचा म्हणून शिंपी म्हणायला लागला, मग गिऱ्हाइकं, मग सगळा बाजार. मूळ म्हणणारा गेला आणि बाजाराला सवय राहिली.

भांडण म्हणावं तर फारसं नव्हतं. धाकट्याला दुकानात नव्या कॉम्प्युटरवाल्या मशीन ठेवायच्या होत्या. जी मशीन मला उघडता येत नाही ती माझ्या दारात नको, असं दादा म्हणाले. धाकट्याला तंबू शिवणाऱ्या एका परदेशी कारखान्यात मशीन सांभाळायचं काम मिळालं, तेव्हा दादा म्हणाले, जायचं तर जा. तो निघाला त्या दिवशी दादा एका मशीनचा पट्टा आवळत बसले होते. पट्टा ढिला नव्हता. तेव्हापासून धाकट्याचा फोन येई तो वहिनीला. तो विचारायचा, दादा बरा आहे ना? वहिनी म्हणायची, बरे आहेत. दादा मान वर न करता विचारायचे, काय म्हणत होता? दोन भावांचं बोलणं असं तिसऱ्याच्या खांद्यावरून चाललं होतं. आणि दर शनिवारी दादा धाकट्याचे स्क्रू ड्रायव्हर तेलाच्या फडक्यानं पुसून त्याच्या टेबलावर परत ओळीनं मांडत. गंज धरतो, म्हणत.

तर वेबसाइट करून देणारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली आणि धाकट्याच्याच स्टुलावर बसली. दादांनी काही म्हटलं नाही, फक्त स्टूल वरखाली करू नका म्हणाले.

तिनं समजावलं की दुकानाचं नाव तेच ठेवता येईल, टिंबाच्या पुढची अक्षरं मात्र नवी घ्यावी लागतील. आपलं नाव तेच आणि आडनाव दुसरं, तसं. मग सभा भरली. वहिनीला डॉट शॉप सुटसुटीत वाटलं. डॉट बिझ घेतलं की बँकवाले उठून उभे राहतात, असं शिंप्याचं मत होतं. त्याची स्वतःची वेबसाइट नव्हती, त्यामुळे त्याची मतं पक्की होती. मुलीनं डॉट रिपेअर काढून दाखवलं. धंद्याला चपखल, शिवाय दहा वर्षांचं एकदम भरता येतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलंच म्हणायचं.

दादा मात्र यादीच्या खालच्या टोकाला बघत होते. तिथं देशादेशांची दोन-दोन अक्षरं होती. त्यातली एक जोडी त्यांच्या ओळखीची होती. धाकट्यानं पाठवलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्याच्या कारखान्याच्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी, हीच होती. कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं होतं. वहिनीनं ते दोनदा काढलं होतं आणि दोनदा ते परत लागलं होतं.

"हे कसलं?" दादांनी बोट ठेवलं.

"ते घेऊ नका, काका. फार कटकटीचं आहे. त्या देशात राहणारा माणूस लागतो. दरवर्षी त्याच्या घरी पत्र जातं आणि पंधरा दिवसांत त्यानं होकार कळवला नाही, तर बंद."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"त्यानं स्वतःच?"

"स्वतःच."

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हेच घ्या," ते म्हणाले.

शिंपी म्हणाला, दादा, तिकडचं माणूस मोडकं शटल घेऊन विमानानं येणार आहे का? वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. मग शिंप्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "परदेशी नाव असलं की वजन पडतं, भावजी. तुम्हाला नाही कळायचं."

तिनंच फोन लावला. इकडे दुपार होती, तिकडे सकाळ. "दादांना काम आहे," एवढं बोलून तिनं फोन त्यांच्या हातात दिला आणि जवळच्या मशीनवर एक गरज नसलेली शिवण मारायला बसली.

"हॅलो," दादा म्हणाले. "एक फॉर्म भरायचा आहे."

नाव, पत्र, पंधरा दिवस, सगळं सांगितलं. मग धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यापेक्षा सोपं काहीतरी मिळालं असतं.

"मिळत होतं," दादा म्हणाले.

वहिनीची मशीन तेवढी चालली होती.

"दादा, ते मागं कोण चालवतंय? शटल कोरडं पडलंय त्याचं."

दादांनी इतकी वर्षं ती मशीन रोज ऐकली होती. त्यांना काही वेगळं वाटलं नव्हतं. "तेल देतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "पाठव मग फॉर्म."

जाताना मुलीनं त्यांना धीर दिला. फार काळजी करू नका, काका, फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते. तिथं तुमच्या भावानं टिक केली की पुढची दहा वर्षं होकार आपोआप जातो. एकदाच त्रास.

दादा आठ दिवस त्या चौकटीशी झगडले. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये सुई उलटी बसवली, ती गिऱ्हाइकानं दाखवून दिली. धाकटा म्हणजे इस्त्रीच्या वॉरंटी कार्डाची मागची बाजूसुद्धा वाचणारा माणूस. चौकट त्याच्या नजरेतून सुटायची नाही. त्याला सांगावं, की टिक करू नकोस? आणि का, म्हणून विचारलं तर? कॅलेंडरकडे बघून त्यांनी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

नवव्या दिवशी मुलीचा फोन आला. नाव मिळालं, वेबसाइट सुरू झाली, मासे गेले.

"ती चौकट?" दादांनी विचारलं.

"ती रिकामीच सोडलीय त्यांनी. विसरले असतील. इथून विनंती पाठवून करून घेऊ का टिक?"

दादांनी समोरच्या स्टुलाकडे पाहिलं.

"तो विसरत नाही," ते म्हणाले. "राहू दे रिकामी."

फोन ठेवून त्यांनी तेलाची कुपी शोधायला घेतली. वहिनीनं विचारलं, झालं का काम?

"कसलं होतंय," दादा कुरकुरले. "पुढच्या वर्षी परत त्याला फोन करायला लागणार."