नियमातले आगार

काही प्रश्न असे असतात की त्यांना खोटे उत्तर देणे हे पाप, आणि खरे उत्तर देणे ही हिंसा. अशा वेळी मौन हाच सज्जनांचा आधार. परंतु तोच प्रश्न व्यवहाराचे वस्त्र पांघरून दारी आला, तर सज्जनही त्यास ओळखत नाही आणि केवळ सवयीने उत्तर देऊन मोकळा होतो. वऱ्हाडातल्या मालेगावच्या महावीरशेटजींच्या हातून असेच घडले.

वाशीम रस्त्यावर त्यांचे किराणा दुकान. मागच्या सालची तूर त्यांनी कधी नवी म्हणून विकली नाही. ‘शेटजी बोलले म्हंजे काटा बोलला,’ असे गिऱ्हाईक म्हणे, आणि त्या म्हणण्याचा शेटजींना मनातून अभिमान होता.

त्यांच्या पत्नी पानाबाई यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा अकोल्यास जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. शेटजी स्वतः त्यांना आपल्या जुन्या डिझेल गाडीतून नेत. गाडी थकली होती. पानाबाईंच्या बाजूचे दार आतून उघडत नसे. शेटजींनी उतरावे, वळसा घालून यावे आणि बाहेरून दार उघडावे, तेव्हा त्या उतरत. ‘शेटजी बायकोले राणीवानी उतरवतात,’ अशी थट्टा बाजारात चाले. दार दुरुस्त करण्याचे त्यांच्या कधी मनातच आले नाही.

त्या रविवारी नागपूरहून मुलगा पारस आला, तो विजेवरच्या गाडीचा विषय घेऊनच.

“बाबा, हे गाडी डिझेल पिऊन राह्यली, अन् तुमी तिच्या मिस्त्रीले पोसून राह्यले.”

“पिऊ दे. म्हातारी झाली, तहान लागते तिले.”

“मजाक नोका करू. मी सगळं मांडून आनलं.” पारसने मोबाइल पुढे धरला. “नवी महाग हाय, कबूल. पन घरीच चार्ज होते. डिझेल वाचलं, दुरुस्ती वाचली. जास्तीचा पैसा पाच सालात फिटते. त्याच्या पुढं नफाच नफा.”

शेटजींनी चष्मा चढवला. माल समोर आला की त्यांच्यातला व्यापारी आपोआप जागा होई.

“चालन किती धरलं?”

“आठवड्याच्या दोन फेऱ्या, अकोल्याच्या. दुसरं हाय काय आपलं चालन?”

“पाचही साल?”

“हो. पाचही साल.”

“मंग नाही फिटत,” शेटजी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला, आणि मगच त्याचा अर्थ त्यांच्या कानी पडला.

उंबऱ्याशी पानाबाई मूग निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात सुपात थांबला. पारस मोबाइलकडे पाहत राहिला.

“सीधं म्हना ना,” पानाबाई शांतपणे म्हणाल्या, “का माह्या फेऱ्या पाच साल पुरत नाहीत.”

“तसं नाही मनलं मी...”

“कसं मनलं मंग?” त्या किंचित हसल्या. “पारस, तुह्या बापानं गिऱ्हाइकाले कधी खोटं सांगतलं नाही. घरच्याले कायले सांगतीन?”

बॅटरीचे कारण सांगता आले असते, जुन्या गाडीला मिळणाऱ्या किमतीचे सांगता आले असते. शेटजींना एकही सुचले नाही. जी जीभ आयुष्यभर काट्यासारखी सरळ राहिली, तिला त्या घटकेस वळणे जमेना.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात त्यांनी एकाएकी विषय काढला. “पारस, गाडी घेऊन टाकू. उद्याच बोलून ये.”

“काहून?” पानाबाईंनी विचारले. “दुपारी घाट्याची होती, आता फायद्याची झाली? माह्यावर दया म्हनून गाडी नोका आनू. तिच्यात बसलं का मले रोज तेच आठवंल.”

शेटजींचा घास ताटातच राहिला. घ्यावी तर दया, न घ्यावी तर निवाडा. गाडीविषयी बोलण्यास त्यांना आता वाटच उरली नव्हती.

सोमवार हा अकोल्याचा दिवस. पानाबाई रोज सकाळी नियम घेत. आज किती पदार्थ, किती वस्त्रे, किती वाहने, अशी आपल्या उपभोगाला स्वतःच मर्यादा घालण्याची ही जैन घरांतली जुनी रीत. अकोल्याच्या दिवशी त्या ‘वाहन एक’ म्हणत. त्या सकाळी शेटजी किल्ली घेऊन आले, तेव्हा त्या पाटावरून उठल्याच नाहीत.

“आज वाहनाचा त्याग हाय,” त्या म्हणाल्या.

त्यांचे पाय सुजले होते. एवढे वाक्य बोलतानाही धाप लागत होती.

“आई, हा काय येडेपना!” पारस ओरडला. “डॉक्टरनं काय सांगतलं, मालूम हाय ना तुले?”

“वरडू नको. नियम हाय तो.”

नियम मोडण्यास शेटजींनी त्यांना आजवर कधी सांगितले नव्हते, आणि तेव्हाही सांगवेना. ते समोर भुईवर बसले. बसता बसता त्या नियमाचे प्राकृत शब्द त्यांच्या ओठांवर आले. बालपणापासून म्हटलेले, फारसे न उमगलेले. शेवटापाशी ते थबकले.

“पाना, नियम घेतांना पाठ पुरा म्हटला?”

“पुराच म्हटला. अर्धा कायले म्हनीन?”

“मंग त्यात आगार आलं.”

“कोन्तं आगार?” पारस गोंधळला. “एश्टीचं?”

“सव्वसमाहिवत्तियागारेणं,” शेटजींनी एकेक अक्षर जपून उच्चारले. त्यागाला ठेवलेली सवलत म्हणजे आगार. दुखण्याने जीव अस्वस्थ झाला, चित्ताची समाधी ढळू लागली, तर उपचारापुरते मोकळे असावे. त्याने नियम मोडत नाही. “दुखन्याची सूट हाय, पाना. तूच तुह्या तोंडानं मागून घेतली.”

पानाबाईंनी तो शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिला.

“माह्याच तोंडचा शब्द,” त्या अखेर म्हणाल्या, “अन् मलेच धरलं त्यानं.” मग त्यांनी नजर वर केली. “काल तुमी बोलले, ते खोटं होतं काय?”

एक ‘हो’ म्हटले असते, तर सारे निभावले असते. शेटजींचे डोळे भरून आले.

“खोटं नोहतं. पन मले बोलाचं नोहतं.”

पानाबाईंनी मान हलवली आणि उठण्यासाठी हात पुढे केला.

वाटेतले मेडशी गाव गाडीने मागे टाकले. पानाबाई काचेला डोके टेकून होत्या.

“हेच गाडी बरी,” त्या पुटपुटल्या. “हिचं आता काई फिटाचं राह्यलं नाही.”

शेटजी समोर पाहत गाडी हाकत राहिले. आपण पानाबाईंना कोठे पोहोचवत आहोत, हे त्या रस्त्याइतकेच त्यांना स्वच्छ दिसत होते.

रुग्णालयापाशी ते उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी बाहेरून दार उघडले. पानाबाई काही क्षण तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी शेटजींचा हात धरला. पकड मागच्या खेपेहून हलकी होती. शेटजींना ती तोलता आली, आणि या वेळी ते काही बोलले नाहीत.

त्या माउलीच्या चित्तास समाधी लाभो. ज्याने पाचही साल धरले त्या पुत्रास, आणि ज्याला खोटे बोलता आले नाही त्या वृद्धास क्षमा लाभो. जितका रस्ता उरला असेल, तितका त्यांना सोबतीने सरो.